वीस मिनिटांची सवय

सकाळी सव्वादहाला, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, तिच्या लक्षात आलं की समोर स्क्रीनवर दिसतोय तो कोड आपण जन्मात कधी पाहिलेला नाही. आता यात दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. ऑफिसात सत्तर माणसं दिवसभर टकटक करत असतात, प्रत्येकाची प्रत्येक ओळ कोण बघत बसणार? पण या कोडखाली मंजुरीची हिरवी खूण होती, आणि ती खूण तिची होती. शेजारी तिचं नाव होतं, मागच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख होती, आणि त्याखाली सिस्टमनं आपण होऊन नोंदवलेली बारीक अक्षरांतली ओळ होती : वाचनाला लागलेला वेळ, सव्वीस मिनिटं. तिनं कप खाली ठेवला. सव्वीस मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. एवढा वेळ एखाद्या अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसलं तरी त्याच्या सदऱ्याचा रंग लक्षात राहतो. इथं एकही ओळ ओळखीची वाटेना. तिनं वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. शब्द सगळे कळत होते, पण आपण इथून एकदा जाऊन आलोय असं कुठंच वाटत नव्हतं. सरळच सांगायचं तर ती घाबरली, आणि का घाबरली हे कळायच्या आधी घाबरली.

गंमत अशी की ती हे सगळं शोधत होती ते मिरवायला. अकरा वाजता खालच्या सभागृहात नुकतीच नोकरीला लागलेली तीस माणसं बसणार होती, आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात नाव कमवायचं तर अंगी कुठल्या सवयी बाणवाव्यात, हे तिनं त्यांना सांगायचं होतं. दर वर्षी तीच सांगते. दुसरं कोण सांगणार? एकोणीस वर्षं झाली तिला या कामात, आणि तिच्या सवयींचा ऑफिसात दाखला देतात. लिहिण्याआधी कागदावर विचार मांडायचा, छोटे छोटे बदल करायचे, टेस्ट चालवल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, आणि दुसऱ्याचा कोड मंजूर करण्याआधी निदान वीस मिनिटं वाचायचा. ही शेवटची तर तिच्या नावानंच ओळखली जाते. यंदा साहेब म्हणाले होते, "नुसतं बोलू नकोस, तुझाच एखादा रिव्ह्यू दाखव. पोरांना कळू दे वीस मिनिटं वाचणं म्हणजे काय." म्हणून तिनं आपल्या मंजुऱ्यांची यादी काढली, डोळे मिटून एकीवर बोट ठेवलं, आणि बोट नेमकं इथं पडलं. दुसरी उघडावी, असं तिच्या मनात आलं. तिनं दुसरी उघडली. ती थोडी आठवत होती. तिसरी आठवत नव्हती. चौथी उघडायचा धीर झाला नाही, आणि ती पुन्हा पहिलीवर आली.

सवयीची एक वाईट खोड आहे, ती आल्याचं कळतं पण सडल्याचं कळत नाही. तिनं हा नियम लावून घेतला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, एका मोठ्या चुकीतून नुकतीच बाहेर पडली होती, आणि वाचताना खरंच वाचायची. प्रत्येक ओळीला विचारायची, तू इथं का आलीस बाई? मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण अशा चुका पकडायची की लिहिणारा कपाळाला हात लावायचा. मग लोक कौतुक करू लागले. मग साहेबांनी नियमच केला आणि सिस्टमला मिनिटं मोजायला लावलं. कोडचं पान वीस मिनिटं उघडं असल्याखेरीज खूण उमटेचना. मग भिंतीवर तक्ता लागला, त्यात तिचं नाव पहिलं. आणि दिवसाला तीन पानं यायची तिथं दहा यायला लागली. दहा विसा दोनशे, बसा मोजत. एकदा केव्हातरी पान उघडून ती पाण्याची बाटली भरायला गेली, वाटेत कुणी भेटलं, चार शब्द झाले, परत येते तो अठरा मिनिटं झालेली. राहिलेली दोन तिनं वरवर बघण्यात घालवली आणि खूण केली. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. आपण आजपासून वाचणार नाही, असं तिनं कधीच ठरवलं नव्हतं, हे ती देवाशपथ सांगू शकली असती. हातानं परस्पर ठरवलं होतं, आणि हातानं तिला काही विचारलं नव्हतं.

मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटं ते तीन छत्तीस या वेळात आपण कुठं होतो, हे ती आठवायला लागली. आठवेना. तिनं जिभेनं दात चाचपले. सकाळी ब्रश केला होता का? केला असणार, तोंडाला चव होती. दाराला कुलूप घातलं होतं का? घातलं असणार, किल्ली पर्समध्ये होती. सासूबाईंच्या गोळ्या डबीतून काढून त्यांच्या हातावर ठेवल्या होत्या का? इथं मात्र ती अडली. डबी डोळ्यासमोर आली, पण ती आजची होती की कालची की अशीच कुठल्यातरी दिवसाची, हे सांगता येईना. सगळं व्यवस्थित होत होतं. घर चाललं होतं, ऑफिस चाललं होतं, लोक म्हणत होते हिच्यासारखी शिस्त हवी, आणि या सगळ्यात ती स्वतः कुठंच हजर नव्हती. मग तिला अकराच्या भाषणाची फाइल दिसली. फाइल बनवल्याची वेळ लिहिली होती : मंगळवार, तीन वाजून बारा मिनिटं. आठवलं. लख्ख आठवलं. पहिल्या पानावर 'चांगल्या सवयी' हे दोन शब्द कुठल्या निळ्या रंगात ठेवावेत, यावर तिनं बराच वेळ घालवला होता. एक निळा फार गडद वाटत होता, दुसरा फार फिका.

आणि तरीही कोडखाली तिनं एक शेरा मारलेला होता, हे त्याहून भयंकर. 'नवव्या ओळीतलं नाव मोघम आहे, स्पष्ट ठेवा.' असा शेरा कुठल्याही कोडवर चालतो. लिहिणाऱ्यानं नाव बदललं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आभारी आहे ताई, किती बारकाईनं बघता.' म्हणजे डोळे नवव्या ओळीपर्यंत गेले होते. तिथून परत फिरले होते, निळ्या रंगाकडे.

तिला वडील आठवले. वडील औषधांच्या दुकानात कामाला होते, स्वतःचं दुकान नव्हे, दुसऱ्याच्या. त्यांची शिस्त म्हणजे बाटली फळीवरून काढताना लेबल मोठ्यानं वाचायचं, औषध ओतताना पुन्हा वाचायचं, आणि बाटली जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा. गल्लीतले लोक त्यावरून त्यांची नक्कल करायचे, पण औषध मात्र त्यांच्याच हातून घ्यायचे. शाळा सुटली की ती दुकानात जाऊन स्टुलावर बसायची आणि पाय हलवत ते वाचणं ऐकायची. सात वर्षांची असेल. एकदा एक बाई आली होती, हातात छत्री, घाईत. वडिलांनी बाटली काढली, तोंडानं नाव घेतलं, ओतलं, नाव घेतलं, ठेवली, नाव घेतलं. तिन्ही वेळा एकच नाव. आणि हातात होती ती शेजारची बाटली. स्टुलावरून तिला लेबल स्वच्छ दिसत होतं. नुकतंच वाचायला शिकलेल्या पोरीला दिसतं तसं, अक्षर न् अक्षर. ती काही बोलली नाही. वडील तीनदा वाचतात, तर त्यांचं चुकेल कसं? चुकलं असेल तर आपलंच. बाई औषध घेऊन गेली. पुढं कितीतरी दिवस शाळेच्या वाटेवर ती छत्रीवाल्या बायकांचे चेहरे बघत चालायची. एकदोनदा तीच बाई दिसल्यासारखं वाटलंही. पण अशा वाटण्याला काय अर्थ? वडील गेले त्या दिवशीही तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आजवर तिची समजूत होती की ती गोष्ट आपण विसरलो.

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि कोड वाचायला घेतला, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. कोड रुग्णालयातल्या घंटेचा होता. त्यांच्या ऑफिसचा धंदाच तो. चार वॉर्ड, बावन्न खाटा. प्रत्येक पेशंटच्या बोटाला एक चिमटा, तो श्वास आणि ठोके मोजतो, काही बिनसलं की इशारा पाठवतो, आणि सिस्टर बसतात तिथं टेबलावर घंटा वाजते. सिस्टर लोकांची तक्रार होती की घंटा ऊठसूट वाजते. पेशंट कुशीवर वळला, वाजली. चिमटा सैल झाला, वाजली. म्हणून हा बदल : एका खाटेची घंटा एकदा वाजली की पुढची दहा मिनिटं त्याच खाटेची पुन्हा वाजवू नये. ठीक. हेतू चांगला. तेरावी ओळही ठीक. चौदाव्या ओळीवर बोट थांबलं. दहा मिनिटं मोजायची कुठून? वाजलेल्या घंटेपासून मोजायला हवीत. इथं ती मोजली जात होती शेवटी आलेल्या इशाऱ्यापासून, मग तो इशारा वाजवलेला असो की दाबून टाकलेला असो. म्हणजे चौथ्या मिनिटाला इशारा आला, तो दाबला, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. पुन्हा आला, पुन्हा दाबला, पुन्हा शून्य. एखाद्याला एकदाच त्रास झाला तर त्याची घंटा वाजणार. पण ज्याचा श्वास राहून राहून अडकतोय त्याची पहिली घंटा तेवढी वाजणार, आणि तो अडकत राहील तोवर पुढं सगळं गप्प. जो जितका जास्त तडफडेल, तितकी त्याची घंटा मुकी. बदल मागच्या आठवड्यात बुधवारी सकाळी रुग्णालयात चालू झाला होता. आज गुरुवार. आठ दिवस.

"मास्तर," तिनं हाक मारली. "जरा इकडे या हो."

हा कोड मास्तरांचा. चौदा वर्षं शाळेत गणित शिकवून चाळिशीत या धंद्यात आलेले गृहस्थ. ऑफिसातले सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. ते आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाकून उभे राहिले.

"चौदावी ओळ बघा. दहा मिनिटं कुठून मोजताय?"

"कुठून म्हणजे? शेवटच्या इशाऱ्या..." मास्तर थांबले. त्यांचे ओठ हलले. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं, एक, दोन, तीन. "अरे देवा. तिसरा इशारा आला तर? मी टेस्टमध्ये दोनच घेतले होते हो. एक वाजतो, दुसरा दाबला जातो. दोन्ही बरोबर आले."

"तुम्हाला तेव्हा शंका नाही आली?" तिनं विचारलं आणि विचारता विचारता तिला स्वतःची शरम वाटली.

"आली होती ना ताई, खोटं कशाला बोलू? सोमवारी आली होती. मग म्हटलं, आपण कशाला डोकं फोडून घ्यायचं, ताई वीस मिनिटं वाचणार आहेत. तुम्ही फक्त नावाचं काढलंत, तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं मी, की ताईंना एवढंच सापडलं म्हणून." मास्तरांचा चेहरा पडला होता. "चूक माझीच आहे. तुमच्याही नजरेतून सुटावी अशी ओळ लिहिली मी."

तिनं तोंड उघडलं. नजरेतून सुटली नाही मास्तर, नजर तिथं गेलीच नव्हती. एवढंच वाक्य. पण ते आत कुठंतरी अडकलं आणि बाहेर आलं ते भलतंच : "आधी दुरुस्त करू. बाकीचं मग."

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. तिनं ती चार मिनिटांत केली, तीन इशाऱ्यांची टेस्ट लिहिली, पाच इशाऱ्यांची लिहिली, चालवल्या. आज पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी हात तिचे होते. "मास्तर, तुमच्या जागेवरून मंजूर करा. लगेच." मास्तर धावत गेले, आणि काही सेकंदांत तिथूनच त्यांनी मान वर केली. "ताई, होत नाहीये. वीस मिनिटं म्हणतंय." ती त्यांच्या टेबलापाशी गेली. स्क्रीनवर राखाडी बटण होतं आणि त्याखाली उलटं धावणारं घड्याळ : एकोणीस मिनिटं, एकेचाळीस सेकंद. तातडीच्या वेळी नियम बाजूला ठेवायची सोय पूर्वी होती. पाच वर्षांपूर्वी तिनंच ती काढून टाकायला लावली होती. 'घाईच्या वेळीच तर वाचण्याची खरी गरज,' असं ती भर बैठकीत म्हणाली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता बावन्न खाटांवरची माणसं तिच्या टाळ्यांची किंमत मोजत होती. मास्तरांनी ती एक ओळ आणि दोन्ही टेस्ट वाचायला घेतल्या, आणि संपल्या की पुन्हा पहिलीपासून.

घड्याळाकडे बघत उभं राहणं तिला सोसेना, आणि तिथून हलणंही जमेना. वीस मिनिटं एरवी कशी भुर्रकन जायची! बाटली भरली, दोन माणसांशी बोललं, की गेली. आता एकेक सेकंद तिच्यासमोर येऊन उभा राहत होता. या क्षणी एखाद्या खाटेवर इशारा येत असेल. या क्षणी तो दाबला जात असेल. तिला तो माणूस दिसायला लागला, चेहरा नसलेला, छातीपर्यंत चादर, बोटाला चिमटा. तो ओरडत नव्हता, ओरडायला श्वास लागतो. त्याच्या भरवशाला तिची घंटा होती. आणि या सगळ्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, तिचं तिलाच तोंड दाखवायला लाज वाटावी अशी : लोकांना कळेल. एकोणीस वर्षांचं नाव, भिंतीवरचा तक्ता, सगळं जाईल, आणि मागं राहील ते 'ती वाचायचीच नाही म्हणे.' दोन्ही भीती एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की आपण नक्की कुणासाठी घाबरलोय, हे तिला ठरवता येईना.

"अगं, इथं काय करतेस? सगळे बसलेत खाली." साहेब दारात उभे होते. ते आणि ती एकाच वर्षी नोकरीला लागले होते. ते साहेब झाले, ती ताई झाली. तिनं त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. सगळं नाही, पण घंटेचं सगळं. साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हेत.

"कुणाला सांगितलंस?"

"मास्तरांना माहीत आहे."

"आणि बाहेर? हॉस्पिटलला?"

"अजून नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "किती मिनिटं राहिली? सोळा? मग झालं तर. तू खाली चल, पंधरा-वीस मिनिटं बोल, वर येशील तोवर दुरुस्ती पोचलेली असेल. दुपारी शांतपणे बसू, शब्द ठरवू, त्यांना रीतसर कळवू. आत्ता आरडाओरडा करून घबराट कशाला उडवायची? आठ दिवसांत एक तरी तक्रार आली का?"

"ज्याची घंटा वाजली नाही तो तक्रार कशी करणार?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, चुका होतात. वाचूनही नजरेतून सुटतं माणसाच्या. तुझी तर सव्वीस मिनिटं नोंदलेली आहेत. तुला कुणी एका शब्दानं बोलणार नाही."

तिला हायसं वाटलं. अंगावरून ओझं उतरावं तसं खरोखरच हायसं वाटलं, खांदे सैल झाले, श्वास मोकळा झाला. सव्वीस मिनिटं होतीच नोंदलेली. ती तिच्या बाजूनं साक्ष देणार होती, जन्मभर देत राहणार होती. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच तिला अशी भीती वाटली, अशी की सकाळपासूनची सगळी भीती तिच्यापुढं काहीच नव्हती. कारण तिचे पाय साहेबांच्या मागोमाग जिना उतरायला लागलेसुद्धा होते. पायांना रस्ता पाठ होता. अकरा वाजले की खाली जायचं, हसायचं, माइक तपासायचा. तिनं कठडा धरला. सभागृहाचं दार उघडं होतं, आतून नव्या माणसांची कुजबुज येत होती, भिंतीवर निळी अक्षरं झळकत होती. निळा रंग छान दिसत होता.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली आणि पायरीवरच फोन काढला. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, हात पुढं केला, मग मागं घेतला. वॉर्डाचा नंबर कधीतरी कामासाठी साठवलेला होता. पलीकडे फोनची रिंग वाजत राहिली. कुणी उचलू नये असंही तिला वाटलं, ते कशाला लपवा?

"हॅलो, वॉर्डातून बोलतेय. कोण?"

"सिस्टर, तुमच्या टेबलावरची ती घंटा... तिचा प्रोग्रॅम आमच्या ऑफिसचा आहे."

"अय्या, तुम्ही होय! बरं झालं बाई फोन केलात. आभारच मानायचे होते तुमचे. आठ दिवस झाले, काय शांतता आहे म्हणून सांगू! पूर्वी कान किटायचे नुसते."

"सिस्टर, ऐका माझं. ती शांतता खोटी आहे. घंटेत चूक आहे. एखाद्याला सारखा त्रास होत असेल तर त्याची घंटा पहिल्यांदा एकदा वाजते आणि मग वाजतच नाही. तिच्यावर विसंबू नका. आत्ता, या मिनिटाला, प्रत्येक खाटेपाशी जाऊन डोळ्यांनी बघा. बावन्नही."

"असं कसं होईल? तुम्ही लोक तपासून पाठवता ना?"

"तपासायचं काम माझं होतं. मी वाचलं नव्हतं. न वाचता मंजूर केलं."

वाक्य बाहेर पडलं. साहेब दोन पायऱ्या खाली उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला, सिस्टरनं कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली, मग दुसऱ्या कुणाला. पावलं धावत गेली, पडद्यांच्या कड्या दांड्यांवरून सरकल्या, एक, मग एक, मग लांबवर आणखी एक. ती फोन कानाला इतका दाबून उभी होती की कान दुखायला लागला. घंटा वाजत नव्हती. एवढ्या सगळ्या धावपळीत टेबलावर ती घंटा अगदी शांत होती, हे तिला ऐकू येत होतं. कुणीतरी "हं, आहे, ठीक आहे" म्हणालं. कुणी खोकलं. त्या खोकल्यासाठी तिनं मनातल्या मनात त्या माणसाचे पाय धरले.

फोन उचलला गेला. सिस्टरला धाप लागली होती. "बघितलं. आमच्या तेरा मी स्वतः बघितल्या, बाकीच्या वॉर्डांत माणसं गेली होती, त्यांचाही निरोप आला. सगळे ठीक आहेत. एका आजोबांचा चिमटा निघाला होता, लावला."

ती पायरीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं. रडूच आलं तिला, आवाज न करता. इथं थांबता आलं असतं. वर मास्तरांच्या घड्याळात सहा-सात मिनिटं उरली असतील, आता सिस्टर लक्ष ठेवतील, संपलं. पण सकाळपासून ज्या प्रश्नाकडे ती बघत नव्हती तो समोर येऊन बसला होता.

"सिस्टर, या आठ दिवसांत... म्हणजे गेल्या बुधवारपासून... कुणाला काही..."

सिस्टरचा आवाज पहिला राहिला नव्हता.

"बाई, हे हॉस्पिटल आहे. आठ दिवसांत इथं माणसं जातात. म्हातारी असतात, आजार हाताबाहेर गेलेले असतात. आम्ही म्हणतो, वेळ भरली होती. घरचेही तसंच म्हणतात. आता तुम्ही फोन करून असं विचारता." सिस्टर थांबली. "तुम्ही नेमकं कुणाबद्दल विचारताय?"

"सगळ्यांबद्दल," ती म्हणाली. "एकेकाचं सांगा. मी ऐकतेय."

रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. सिस्टर वाचायला लागली : खाटेचा नंबर, नाव, वय, दिवस, वेळ. वाचताना घाई नव्हती. पहिल्याला घरच्यांनी घेरलेलं होतं, मुलगी हात धरून बसली होती. दुसऱ्यांजवळ डॉक्टर होते. तिसऱ्या बाईंचं डॉक्टरांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. पायरीवर बसून ती प्रत्येक नाव तोंडातल्या तोंडात परत म्हणत होती. चौथं नाव वाचून सिस्टर थांबली. वय एकेचाळीस, शनिवार, दुपारचे सव्वातीन, जवळ कुणी नव्हतं.

"यांची वाजली होती घंटा," सिस्टर म्हणाली. "मी गेले, उशी सारखी केली. बोलले माझ्याशी. मग पुन्हा काही वाजली नाही, म्हणून मला वाटलं झोप लागली असेल."